मायाळूच्या तीन काड्या

वसंताकाकाचं लग्न झालं आणि नवी काकू घरात आली, तेव्हा तिच्या ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंडं असं सगळं रीतसर होतं, आणि त्याच्या खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या. ओटी मोकळी करायला बसलेल्या बायकांनी फडकं सोडलं आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. जांभळट, करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या, खालची पानं खुडलेल्या. "हे काय व?" माझ्या आईने विचारलं. काकू मान खाली घालून म्हणाली, "मायाळू हाय. भाजीचा वेल. आईनं देल्ला." आमच्या मोताळ्याकडच्या त्या गावात अंबाडी होती, मेथी होती, चवळी होती, पावसाळ्यात तरोट्याची भाजी होती, पण मायाळू कोणी लावलेला मी तरी पाहिला नव्हता. ओसरीवर बसलेल्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते ऐकू गेलं. ते तिथूनच म्हणाले, "थो बुळबुळीत पाला? माह्या घरात शिजनार नाही." सासऱ्याचं सुनेशी झालेलं पहिलं बोलणं ते हे, आणि तेही भिंतीपलीकडून.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. नाव शाळेच्या हजेरीत काहीही असलं तरी घरात आणि गावात मी बेबीच होते. त्या वर्षी मला हसण्याचा रोगच जडला होता. कशानेही हसू यायचं. हापशाची दांडी कुईकुई करायला लागली की हसू, गिरणीचा पट्टा सुटला की हसू, गुरुजींनी खडूचा हात नाकाला लावला की वर्गाबाहेर. पण घरात माझ्याबरोबर हसायला कोणी नव्हतं. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. आबा दिवसभरात मोजकी वाक्यं बोलत आणि त्यातली निम्मी बैलांशी. बाबा आबांवरच गेलेले. आई कामाच्या धबडग्यात. आणि वसंताकाका इतका लाजाळू, की जेवताना ताटातल्या भाकरीकडेच बघायचा. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो मुंडावळ्यांकडेच बघत होता अशी गावात बातमी होती. असल्या घरात मी एकटी फिदीफिदी हसायचे आणि "येड लागलं काय पोरीले?" एवढं ऐकून घ्यायचे.

मग काकू आली. पहिल्या आठवड्यातच एका दुपारी आबा अंबाडीच्या भाजीशी ज्वारीची भाकर खात होते. भाजीवर लसणाची फोडणी, वरून कच्चं तेल, बाजूला ठेचा. आबांना ठेचा झोंबला की ते डोळे मिटून "हाऽऽश" असा लांबलचक आवाज काढत आणि पुन्हा ठेच्यालाच हात घालत. मी ओठ दाबून धरले होते. सहज वर पाहिलं तर चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या काकूचे खांदे गदगदत होते. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर पदराचा बोळा तोंडात कोंबून बाई हसत होती! त्या क्षणी मी तिची झाले. तिने मला आवाज न करता हसायला शिकवलं, ते अजून उपयोगी पडतं, विशेषतः सोसायटीच्या मीटिंगांमध्ये. तिला तिच्या माहेरच्या, अमडापूरच्या गाडीच्या कंडक्टरची नक्कल यायची. शेणाने हात भरलेले असताना कोपराने घंटीची दोरी ओढून ती म्हणायची, "चला, अमडापूरवाले उतरून घ्या, बाकीच्यायनं बकऱ्या सांभाळा!" आणि आम्ही दोघी गोठ्यात शेणाच्या टोपल्याशेजारीच बसून घ्यायचो, कारण उभं राहणं शक्य नसायचं.

ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला ती मोठी बाई वाटायची. आणि दिवस कलला की ही मोठी बाई न्हाणीपाशी जाऊन गप्प बसायची. तिथे तिच्या काड्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीचं पाणी जातं त्या पाटाच्या कडेला माती भुसभुशीत केली होती, शेणखत कालवलं होतं आणि तिन्ही काड्या ओळीत खोचल्या होत्या. दोन पेरं मातीत, दोन वर. उन्हाचा कडाका होता म्हणून त्यांच्यावर एक फाटकं टोपलं उपडं घातलं होतं. "आता पानी घालाचं अन् इसरून जाचं," ती म्हणाली. "पंधरा दिवस हात लावाचा नाही. मातीतल्या पेरातून मुळ्या फुटते. बारीक असते, केसावानी. एकदा लागला तं मंग वेल मरत नाही. दरसाल खुडा, खा, काडी तोडा, लोकायले वाटा."

"अन् नाही लागला तं?" मी विचारलं.

काकूने इकडेतिकडे पाहिलं आणि मला जवळ ओढलं. "कोनाले सांगू नोको. आई निघताना म्हने, काडी लागली तं तूबी त्या घरी रमशीन. नाही लागली तं आखाडीले ये, मंग म्या तुले वापस धाडत नाही." आखाडीला, म्हणजे आषाढात, नव्या सुनेने माहेरी जायची आमच्याकडे रीत. चार-आठ दिवस राहून ती परत येते. काकू परत येणारच नाही, असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "तू मजाक करून राह्यली न?" मी म्हटलं. ती हसली नाही. हसत नाही म्हणजे खरंच आहे, एवढं मला तिच्याबद्दल कळत होतं. तिच्या आईने ते लेकीच्या समाधानासाठी म्हटलं होतं की खरंच मनात होतं, ते देव जाणे. पण काकूने ते धरून ठेवलं होतं, आणि त्या संध्याकाळपासून मीही धरलं. मला ती जायला नको होती. ती गेली असती तर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं आणि मी गुदमरून गेले असते.

आता सांगते ते पाप माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी टोपलं उचललं, पहिली काडी हळूच वर ओढली आणि मुळी फुटली का ते पाहिलं. नव्हती. परत खोचली, माती दाबली. संध्याकाळी पुन्हा पाहिली. एका रात्रीत फुटत असेल कोणी सांगावं, म्हणून सकाळी पुन्हा. पाचव्या दिवशी काडी खालून काळी पडली आणि बोटांना चिकटली. काकूने ती उचलून पाटाच्या पलीकडे टाकली आणि त्या दिवशी कंडक्टर झाली नाही. तरी मला काही उमगलं नाही. मी दुसऱ्या काडीवर जास्त लक्ष द्यायला लागले, म्हणजे तीही उपटून पाहायला लागले.

माझा नातू परवा काचेच्या बाटलीत पाणी घालून त्यात मायाळूची काडी ठेवून बसला होता. बाहेरूनच मुळ्या दिसतात. पांढऱ्या, नाजूक, रोज थोड्या लांब. मी त्या बाटलीसमोर खुर्ची ओढून कितीतरी वेळ बसले. एवढी एक बाटली तेव्हा आमच्या न्हाणीपाशी असती, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. सूनबाईला वाटलं मला चक्कर आली.

गुपित पोटात ठेवण्याची माझी ताकद तीन दिवसांची होती. चौथ्या दिवशी मी आईच्या कानात सांगितलं आणि तिला गळ्याची शपथ घातली. आईने शपथ घेतली. पुढचं मला फार नंतर कळलं. आईने ते बाबांना सांगितलं, शपथ घालून. बाबांनी वखर दुरुस्त करताना वसंताकाकाला सांगितलं, कारण बायको त्याची होती. आणि काकाने, ज्याच्या तोंडून जन्मात शब्द फुटत नसे, त्याने ते नेमकं आबांना सांगितलं. आबांनीही म्हणे त्याला बजावलं, "कोनापाशी बोलू नोको." अशा रीतीने घरातल्या प्रत्येकाला ते गुपित ठाऊक झालं आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते आपल्यालाच ठाऊक आहे.

दुसरी काडीही गेली. आता एकच उरली. त्या दिवशी काकू तिसऱ्या काडीला पाणी घालताना स्वतःशीच म्हणाली, "कोनी हलवून राह्यलं काय इले? माती ढिली लागते." आपण पाहतो म्हणूनच ती लागत नाहीये, हे मला तेव्हा, त्या एका वाक्याने कळलं. मी देवघरात जाऊन कान पकडले आणि शपथ घेतली की आता काडीला बोट लावणार नाही. आणि ती मी पाळली, हे माझ्या बाजूने लिहून ठेवते. पण दोन दिवसांनी मी पाणी घालायला गेले तर माती पुन्हा ढिली! काडी कोणीतरी वाकडी खोचलेली, तीन पेरं वर! मी टोपल्यावर एक चिंचोका ठेवला. शाळेतून आले तर चिंचोका खाली. परत ठेवला. हातपाय धुऊन आले तर खाली. एक तास गेला नाही तर तिसऱ्यांदा खाली. घरात बकरी बांधलेली होती, मांजर आमच्याकडे नव्हतं. मला इतका संताप आला आणि त्याच वेळी इतकी मजा वाटायला लागली की रात्री झोप लागेना.

रविवार उजाडला. आमच्या परसाला पऱ्हाटीचं कुंपण होतं, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचं. त्याच्यामागे मी जेवण झाल्या झाल्या जाऊन बसले. ऊन रणरणत होतं. गिरणीची पुकपुक थांबली होती. काकू आत ज्वारी निवडत होती, तिच्या सुपाचा आवाज येत होता. आधी आई आली. तिने पदराने टोपलं धरून उचललं, काडी ओढली, डोळ्यांजवळ नेली, "अगं बाई" म्हणाली आणि परत खोचून निघून गेली. माझी आई! शपथ घेतलेली! मी तोंडावर हात धरला. पाच मिनिटांत बाबा. बाबांनी उगाच न्हाणीतून तांब्या उचलल्यासारखं केलं, मग एका हाताने काडी वर काढली, अंगठ्याने तिचं बूड चाचपलं आणि खाली घातली, ती उलटी. चक्क उलटी, पानांचा कोंब मातीत! नंतर वसंताकाका आला. त्याने ती सरळ केली, पण खोचण्याआधी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. लग्नानंतर मी त्याला इतका वेळ कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग तो तिला म्हणाला, "नोको जाऊ न." एवढंच. आणि कान लाल करून गेला. मला हसूही येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि हे दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला नवीनच होतं.

मला वाटलं संपलं. मी उठणार तोच काठीचा आवाज आला. आबा. बुळबुळीत पाला घरात शिजणार नाही म्हणणारे आबा. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, काठी भिंतीला टेकवली, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले, टोपलं सरकवलं आणि काडी उपटली. खिशातून चष्मा काढला, त्याची दोरी कानाला अडकवली, काडी नाकाजवळ धरून फिरवून फिरवून पाहिली. आणि मग, बैलाशी बोलत त्या सुरात, पण कितीतरी हळू, म्हणाले, "लाग बे. लाग न. काऊन आमची परीक्षा पाहून राह्यला? पोरगी चालली जाईन नं बे."

माझा बांध फुटला. काकूने शिकवलेलं बिनआवाजाचं हसणं कुठल्या कुठे गेलं. मी अशी किंचाळून हसले की तोल गेला आणि मी कुंपणासकट आबांच्या पुढ्यात येऊन पडले. पऱ्हाट्या कडाकड मोडल्या, बकरी ओरडायला लागली, आई धावत आली, बाबा आले, काका आला आणि सगळ्यात शेवटी हातात सूप घेऊन काकू आली. आबा जागेवरून उठू शकले नाहीत. काडी त्यांच्या हातात होती. तिची मान लोंबत होती आणि बूड काळं पडलं होतं. मग मी जमिनीवर पडल्यापडल्याच ओरडले, "सगळेच उपटून राह्यले! आई, बाबा, काका, समदे!"

"म्या एकडावच पाह्यली," आई म्हणाली.

"मी तं आजच," बाबा म्हणाले.

काकाने मान वर केली. तो पहिल्यांदाच सरळ काकूकडे बघत होता. आणि आबा मान खाली घालून, चष्मा तसाच, म्हणाले, "मले वाटलं, मीच एकटा पाहून राह्यलो."

काकूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोण कशासाठी टोपलं उचलत होतं, ते तिला उलगडत गेलेलं मला दिसत होतं. तिच्या हातातलं सूप हलायला लागलं. ज्वारी एका बाजूने सांडायला लागली. आणि मग ती हसली. पदर तोंडात न कोंबता, खांदे न लपवता, भर दुपारी, सासऱ्यासमोर, मोठ्याने. पदर डोक्यावरून खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. "मामाजी," ती म्हणाली, आणि सासऱ्याशी तोंडावर बोललेला हा तिचा पहिला शब्द, "एवढ्या हातायनं उपटली तं बाभूळबी लागत नाही हो!" आबांचे खांदे गदगदले. मला वाटलं रडतायत. मग त्यांच्या घशातून ठेचा झोंबल्यावर येतो तसा आवाज आला, आणि त्यांना हसू येत होतं. मी आबांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ बाबा, मग आई. ज्वारी खाऊन बकरीनेही वाटा उचलला.

दोन दिवसांनी काकूने पोस्टातून आणलेलं निळं अंतर्देशीय माझ्यापुढे ठेवलं. तिचं अक्षर वाकडंतिकडं होतं, माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक व्हायचं, म्हणून लिहायचं काम माझं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. सगळे खुशाल आहेत. पेरणीची तयारी चालली आहे. बेबी फार हसते. मग ती थांबली. खालचा ओठ चावला. "लिही," ती म्हणाली, "काडी लागली."

मी लेखणी उचलून धरली. "पन काकू, थे तं मेली."

"लिही म्हनतो नं मी तुले."

मी लिहिलं. लिहिताना माझ्या अंगात असा काही आनंद शिरला की हात थांबेचना. काकू सही करण्याआधी चुलीवरचं दूध बघायला उठली तेवढ्यात मी माझ्या मनाने आणखी दोन ओळी घातल्या: वेल न्हाणीच्या पत्र्यावर गेला आहे. आठवड्यातून दोनदा भाजी होते, आबांना फार आवडते. तिने खाली नाव लिहिलं, न वाचताच. मी डिंक लावला आणि पळत जाऊन पेटीत टाकलं.

आखाडी आली. काकूला न्यायला तिचा थोरला भाऊ दिगंबर अमडापूरहून गाड्या बदलत आला. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, काखेत ओल्या गोणपाटाचं गाठोडं. चहा झाला, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "वेल दाखवा न तुमचा. पत्र्यावर गेला म्हने!"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीच्या खांबामागे गेले. आबा म्हणाले, "बकरीनं खाल्ला." त्याच क्षणी बाबा म्हणाले, "वाऱ्यानं पडला." आणि आई, बिचारी, मदत करायची म्हणून म्हणाली, "कालच सपाट कापून भाजी केली व पाहुन्यासाठी." मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पाहुण्यासाठी केलेली भाजी पाहुण्याच्या आदल्या दिवशी कशी संपली हे कोणालाच सांगता येईना. वसंताकाका खाली बघत म्हणाला, "मेला वेल. आम्हीच मारला. सगळ्यायनं मिळून." लग्नानंतरचं त्याचं चारचौघांतलं सगळ्यात लांब बोलणं ते.

दिगंबरमामा रागावला नाही. त्याने गाठोडं सोडलं. आत ओल्या गोणपाटात चांगल्या पंधरा-वीस काड्या होत्या, जांभळ्या, रसरशीत. "आईले ठाऊकच होतं," तो म्हणाला. "चिठ्ठी वाचली अन् म्हने, पंधरा दिवसात पत्र्यावर जानारा मायाळू म्या जनमात पाह्यला नाही. मी म्हनलं, मंग आनतो तिले, ठेवून घेऊ. तं मलेच रागावली. म्हने, येड्या, जिले राह्याचं नसते थे काडी लागली म्हनून खोटं कायले लिहीन? पोरगी रमली. जाय, या काड्या देऊन ये."

काकूने गोणपाट उचललं आणि सरळ न्हाणीकडे गेली. घराकडे पाठ करून तिने सगळ्या काड्या लावल्या, दोन पेरं मातीत, दोन वर, आणि टोपलं पुरेना म्हणून आईची पाटी मागून घेतली. हात धुतले, नवं लुगडं नेसली, पिशवी घेतली. आबांच्या पाया पडली. मी तिच्या कमरेला मिठी मारून सोडेचना.

आबा म्हणाले, "किती दिवस राह्यशीन, बाई?"

"चार दिवसात येतो मी घरी, मामाजी," काकू म्हणाली, आणि दारातून वळून तिने आमच्या सगळ्यांवर एकेक करून नजर फिरवली. "तवरोक काड्यायले कोनी हात लावाचा नाही."